कॅमेऱ्याला न दिसलेला अजिंठा

अजिंठ्याची चित्रं लंडनमध्ये दोनदा जळाली. मूळ चित्रं नव्हेत, त्यांच्या नकला. मेजर रॉबर्ट गिलने 1844 पासून लेण्यांत राबून केलेली बहुतेक तैलचित्रं 1866 साली सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेली. ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’तला गिल तो हाच. मग 1872 पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन कामाला लागले. पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. काम 1885 पर्यंत चाललं, आणि त्याच वर्षी साउथ केन्सिंग्टनच्या आगीत त्यांच्याही बऱ्याच नकला गेल्या.

पण कॅमेरा तर तेव्हा होता! स्वतः गिलने काढलेल्या फोटोंची पुस्तकं 1864 साली आली होती. प्रिन्स अल्बर्टने 1853 पासून राफाएलच्या कामाचे, अगदी कच्च्या रेखाटनांचेही, फोटो जमवायला घेतले होते. मग अजिंठ्यात तेरा वर्षं कुंचला कशाला?

उत्तर त्या काळच्या काचेत आहे. कलोडियन लावलेली ओली काच निळा उजेड टिपायची; तांबड्या-पिवळ्याला जवळजवळ आंधळी. कागदावरची लाल खडूची रेघ फोटोत काळी पडली तरी रेघच राहते. अजिंठ्यात मात्र आकृती गेरूची आणि मागची जमीनही गेरू-पिवडीची. दोन्ही काळ्या. त्यात गुहेतला अंधार.

म्हणून कुंचला. पण त्याचीही किंमत होती. नक्कल करताना रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर व्हार्निश फासलं गेलं. ते पुढे पिवळं पडलं आणि त्याखाली चित्रंच झाकोळली. फोटोला भिंतीला हात लावावा लागत नाही, हा त्याचा मोठेपणा नंतर कळला. गुलाम याझदानींचे फोटोंवर आधारलेले रंगीत खंड निघाले 1930 ते 1955 या काळात.

आज डिलाईल रोडच्या बीडीडी चाळी पुनर्विकासात जात आहेत. जिने, गॅलऱ्या, भिंतींवरचे रंगांचे थर फोनमध्ये जसेच्या तसे उतरतात. काचेची अडचण संपली, आगीची नाही. गिलची जी मोजकी चित्रं वाचली, ती त्या दिवशी क्रिस्टल पॅलेसमध्ये नव्हती म्हणून. तेव्हा फोटो काढाच. पण एक प्रत शेजाऱ्याकडे, एक गावच्या घरीही ठेवा.