जुन्या घरांतला नवा दिवा

संध्याकाळीं दिवा लावावा आणि त्यानें दोन वेळां डोळे मिचकावून अंग टाकावें, हा अनुभव जुन्या घरांत राहणाऱ्या बहुतेकांना आहे. अशा वेळीं घरांतील कर्ता माणूस प्रथम दिव्यालाच दोष देतो. जुना गोळा काढून नवा बसविला जातो. तो कांहीं दिवस नीट जळतो आणि मग तोहि जुन्याच्याच वाटेनें जातो. त्यानंतर कोणी बटणाला चापट मारतो, कोणी काठीनें होल्डर हलवून पाहतो, आणि दिवा लागला म्हणजे दुरुस्ती झाली असें समजून सारे जेवावयास बसतात. हलविल्यानें दिवा लागला याचाच अर्थ दिवा निर्दोष आहे व दोष अन्यत्र आहे, ही गोष्ट त्या घाईंत कोणाच्या लक्षांत येत नाहीं.

तो अन्यत्र म्हणजे कोठें, हें माणूस ज्या घरांत शिकला तें घर फार जुनें आणि फार मोठें होतें. लंडनच्या उत्तरेस सुमारें २० मैलांवर हॅटफील्ड हाऊस नांवाचा वाडा आहे. राणी एलिझाबेथचें बालपण ज्या राजवाड्यांत गेलें त्याच्या शेजारींच रॉबर्ट सेसिल यानें हें नवें घर बांधविलें आणि तें इ. स. १६११ सालीं पुरें झालें. लाल विटांच्या भिंती, आंतून कोरीव लाकडाची तक्तपोशी, आणि घराच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत गेलेली लांबच लांब गॅलरी, असें त्याचें रूप. बांधणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें मेणबत्ती होती. तिच्यापलीकडचा दिवा त्यांच्या स्वप्नांतहि नव्हता. आणि त्या मेणबत्तीनें घराला एकदां चांगलेंच पोळलें होतें. १८३५ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत वाड्याच्या पश्चिम भागाला आग लागली आणि घरांतील वृद्ध मार्शनेस तींत जळून मरण पावल्या. त्यांच्या खोलींतील मेणबत्तीनेंच तो घात केला, असें मानलें गेलें.

त्या वृद्धेचा नातू म्हणजे लॉर्ड साल्सबरी. हें नांव हिंदुस्थानांत फारशा प्रेमानें घेतलें जात नसे, व त्याला कारणेंहि होतीं. १८७४ ते १८७८ या काळांत ते भारतमंत्री होते. दख्खनचा भयंकर दुष्काळ त्यांच्याच कारकीर्दींतला. सनदी नोकरीच्या परीक्षेची कमाल वयोमर्यादा २१ वरून १९ वर आणून त्यांनीं हिंदी तरुणांची वाट अधिकच अरुंद केली. पुढें १८८८ सालीं एडिंबरो येथील भाषणांत त्यांनीं दादाभाई नौरोजी यांचा उल्लेख केवळ त्यांच्या वर्णावरून केला आणि मोठें वादळ उठविलें. चार वर्षांनीं मध्य फिन्सबरीच्या मतदारांनीं दादाभाईंना पार्लमेंटांत धाडून त्या भाषणाला उत्तर दिलें. परंतु याच गृहस्थांचें एक निराळें अंग होतें. राजकारणांतून सवड मिळाली कीं ते आपल्या प्रयोगशाळेंत शिरत. ही प्रयोगशाळा त्यांनीं राहत्या घरांतच थाटली होती. रॉयल सोसायटीचे ते सदस्य होते, आणि विजेचें त्यांना विलक्षण वेड होतें.

१८८० सालच्या निवडणुकींत त्यांचा पक्ष हरला आणि त्यांना ही सवड भरपूर मिळाली. आरंभीं त्यांनीं जेवणघराच्या छताला कमानी दिवा लावून पाहिला. दोन कोळशांच्या टोंकांमध्यें विजेची ठिणगी सतत धरून ठेवणारा हा दिवा रस्त्यांना व बंदरांना ठीक होता. जेवणाच्या मेजावर त्याचा थरथरता पांढरा प्रकाश पाहुण्यांना असह्य व्हावा यांत नवल नाहीं. सुदैवानें त्याच सुमारास जोसेफ स्वान यानें काचेच्या गोळ्यांत कोळशाचा तंतु तापवून शांत उजेड देणारा दिवा तयार केला होता. १८७९ सालीं न्यूकॅसल येथें त्यानें तो लोकांना दाखविला, आणि १८८० च्या अखेरीस त्याच परगण्यांतील क्रॅगसाइड येथें विल्यम आर्मस्ट्राँग याच्या घरांत असे दिवे लागले.

आर्मस्ट्राँगच्या घरांतील एक युक्ति येथें सांगण्याजोगी आहे. त्याच्या ग्रंथालयांत मीनाकामाच्या तांब्याच्या फुलदाण्यांवर दिवे बसविले होते. फुलदाणीच्या बैठकींत पाऱ्याची लहानशी वाटी असे; फुलदाणी जागेवर ठेवली कीं तारेचें टोंक पाऱ्यांत बुडे व दिवा लागे, उचलली कीं विझे. हा खेळ वाटतो, परंतु त्यांतील तत्त्व खोल आहे. दोन धातूंचे घट्ट तुकडे एकमेकांना टेकले तरी ते प्रत्यक्षांत थोड्याशाच बिंदूंवर भेटतात. पारा मात्र प्रवाही असल्यामुळें सगळी फट भरून काढतो. इतका उत्तम जोड घट्ट धातूंच्या साध्या बटणाला साधत नाहीं. मात्र पाऱ्याच्या विषारीपणामुळें आज अशी फुलदाणी कोणी घरांत ठेवणार नाहीं.

हॅटफील्डला असें नाजुक कांहीं नव्हतें. इस्टेटीवरील लाकूड कापण्याच्या गिरणीच्या पाण्यावर डायनामो फिरविला, तेथून वाड्यापर्यंत तारा आणल्या आणि जुन्या तक्तपोशींतून त्या जमेल तशा ओढून घेतल्या. पुढें काय झालें तें साल्सबरींची कन्या ग्वेंडोलेन सेसिल हिनें वडिलांच्या चरित्रांत मोठ्या विनोदानें लिहून ठेवलें आहे. कांहीं रात्रीं सगळे दिवे विझत आलेल्या निखाऱ्यासारखे तांबूस होत आणि माणसें भिंती चांचपीत हिंडत. कांहीं रात्रीं उलट प्रकार होई; उजेड भलताच वाढे, ठिकठिकाणीं ठिणग्या उडत, एकामागून एक दिव्यांचे समूह भडकून मालवत, आणि अखेर सारें घर अंधारांत बुडे.

या दोन्ही प्रकारांत दिव्यांचा दोष फारसा नव्हता. पाण्याच्या जोरावर फिरणाऱ्या यंत्राचा वेग स्थिर राहत नसे आणि वेगाबरोबर विजेचा दाब चढेउतरे. लांबवरून आलेली तार बारीक असली कीं कांहीं दाब वाटेंतच खर्ची पडे. त्या काळच्या कांहीं मांडणींत तर एका समूहांतील एक दिवा जळाला म्हणजे त्याच्या वांट्याचा प्रवाह उरलेल्यांवर लोटला जाई. मग दुसरा, मग तिसरा, अशी रांगच लागे. आज घरांतील प्रत्येक दिवा समांतर जोडलेला असतो व एक गेला तरी शेजारचा त्याची दखल घेत नाहीं. एका खोलींतला दिवा लावतांच दुसऱ्या खोलींतला मंद झाला, तर मात्र दोघांच्या सामाईक वाटेवर कोठें तरी अडथळा आहे असें निश्चित समजावें.

मग एके दिवशीं जेवणानंतर पाहुणे लांब गॅलरींत शिरले तों छताजवळच्या कोरीव लाकडांतून ज्वाळा निघत होत्या. तक्तपोशीला चिकटून गेलेली तार तापून लाल झाली होती. शिकारीसाठीं जमलेली तरुण मंडळी सुदैवानें बरीच होती. त्यांनीं कोचांवरच्या उशा उचलून नेम धरून वर फेकल्या आणि आग विझविली. ही उशांची गोष्ट हॅटफील्डविषयीं लिहिणारे सारे सांगतात. परंतु त्याच १८८१ सालच्या डिसेंबरांत बागेंतून नेलेल्या उघड्या तारांना हात लागून एक तरुण मजूर जागच्या जागीं मेला, हें त्यामानानें क्वचितच सांगितलें जातें. मालकाचा छंद, पाहुण्यांची करमणूक आणि मजुराचा प्राण, अशी त्या नव्या विद्येच्या फीची वांटणी झाली.

असे अपघात एकट्या हॅटफील्डलाच झाले असें नाहीं. विम्याच्या कंपन्या घाबरल्या, इंजिनियरांनाहि जाग आली, आणि १८८२ सालच्या जून महिन्यांत लंडन येथील तारायंत्र व वीज यांच्या तज्ज्ञांच्या संस्थेनें विजेच्या दिव्यांपासून लागणाऱ्या आगी टाळण्याचे नियम प्रसिद्ध केले. अवघीं चार पानें. पुढें या चार पानांचा मोठा ग्रंथ झाला. त्याची अठरावी आवृत्ति २०१८ सालीं निघाली. त्या पहिल्या चार पानांत मुळाशीं गेलेला विचार असा होता कीं, विजेचे दोष बहुधा आंतले व अदृश्य असतात, ते नुसत्या डोळ्यांनीं दिसत नाहींत, त्यांना प्रवाहाच्या चांचणीनेंच हुडकावें लागतें. आणि त्यांचीं मुख्य कारणें तीन, विजेची गळती, तारेंतला अवाजवी रोध व वाईट जोड. बाकीचे बहुतेक नियम या एका निदानाच्या पोटांतले आहेत.

गळतीचा एक मासला अटलांटिकपलीकडे न्यूयॉर्कमध्यें मिळाला. व्हँडरबिल्ट या धनाढ्याच्या वाड्यांत एडिसननें दिवे बसविले. भिंतींवर जरतारी कापड लावलेलें होतें. त्यांतील धातूच्या बारीक तारांना विजेची तार भिडली आणि भिंत धुमसूं लागली. यजमानीणबाईंनीं सगळी यंत्रसामग्री घराबाहेर काढावयास लावली. भिंतीच्या शोभेंतून वीज वाहूं शकेल ही शंका शोभा करणाऱ्याला येणें शक्यच नव्हतें.

तिसरें कारण, म्हणजे वाईट जोड, हें सर्वांत फसवें. तारेंत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, आणि ती सर्वांत अधिक होते जेथें रोध अधिक तेथें. स्क्रू ढिला झाला कीं तारेचा स्पर्श एखाद्या बिंदूवर येतो. तो बिंदु तापतो, तांब्यावर गंज चढतो, गंजानें रोध वाढतो, रोधानें उष्णता वाढते. दिवा रोज लागतो व रोज विझतो; त्याबरोबर जोड रोज तापतो व रोज थंड होतो आणि दरवेळीं थोडा अधिक ढिला पडतो. फ्यूजला यांतलें कांहींच समजत नाहीं, कारण प्रवाह वाढलेला नसतो. पहारेकरी दारावर जागा आणि चोरी आंतल्या खोलींत, अशी स्थिति होते.

मुंबईंत या विद्येचा प्रवेश नियम निघाले त्याच वर्षीं झाला. १८८२ सालीं क्रॉफर्ड मार्केटांत विजेचे दिवे लागले; पण ते लावणारी कंपनी वर्षभरांत बुडाली आणि मार्केट पुन्हां गॅसच्या उजेडांत आलें. खरी सुरुवात १९०५ सालीं नवी वीज व ट्राम कंपनी स्थापन झाल्यावर झाली. त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत वाडी बंदर येथें वीज तयार होऊं लागली आणि १९०७ च्या मे महिन्यांत विजेची ट्राम धांवली. हळूहळू वीज गिरगांवच्या चाळींत व जुन्या वाड्यांत शिरली. येथेंहि हॅटफील्डचाच प्रश्न होता: समईसाठीं बांधलेल्या घरांत तार कोठून न्यावी? लाकडी पट्टीच्या खोबणींत रबराचें वेष्टण असलेली तार घालून वर दुसरी पट्टी ठोकीत. छताला चिनी मातीची वाटी, तिच्यांतून सुती विणीची पिळाची दोरी लोंबे आणि दोरीच्या टोंकाला पितळेचा होल्डर व दिवा.

असा एखादा दिवा मिचकावूं लागला म्हणजे जाणता वायरमन मुख्य बटण बंद करून प्रथम होल्डर उघडतो. आंतल्या दोन स्प्रिंगा वर्षानुवर्षांच्या उष्णतेनें मऊ पडलेल्या असतात आणि दिव्याच्या पायाला नीट टेकत नाहींत. तेथें दोष नसला तर तो छताच्या वाटीकडे जातो. तिच्यांतील स्क्रूंवर होल्डरपासून वाटीपर्यंतच्या दोरीचा भार असतो. कोणी दिवा पुसतांना दोरी ओढलेली असते, कोणी तिच्यावर मोठी शेड टांगलेली असते. त्यानंतर बटण. जुन्या कामांत बटण पुष्कळदां चुकीच्या तारेवर घातलेलें सांपडतें; दिवा विझतो खरा, पण होल्डरमध्यें वीज तशीच उभी असते. म्हणून बटण बंद केलें एवढ्या विश्वासावर होल्डरला हात लावणारा माणूस त्या हॅटफील्डच्या मजुराइतकाच अजाण ठरतो. अलीकडच्या एल. ई. डी. दिव्यांनीं हा दोष आयताच उघडा पाडला आहे. त्यांना लागणारा प्रवाह इतका थोडा कीं बटण बंद असतांहि कांहीं दिवे रात्रभर अंधुक मिणमिणतात. त्याला दरवेळीं चुकीची तारच कारण असते असें नाहीं. दोन तारा शेजारून लांबवर गेल्या असल्या तरी तसें होतें. पण एकदां पाहून घेणें बरें.

तारेच्या वेष्टणाची परीक्षा करण्यास मेगर नांवाचें, हातानें फिरवावयाचें यंत्र विसाव्या शतकाच्या आरंभापासून प्रचारांत आलें. त्याचा कांटा जें सांगतो तें घरमालकाला सहसा आवडत नाहीं. रबर चाळीस-पन्नास वर्षांत वाळून ठिसूळ होतें, आणि पावसाळ्यांत दमट झालेली लाकडी पट्टी गळतीला वाट करून देते. अशा तारेला कोणी हात लावला नाहीं तोंवर ती जागच्या जागीं निमूट पडून असते. एक जोड दुरुस्त करण्यासाठीं ती वांकविली कीं वेष्टणाचे तुकडे हातांत गळून पडतात आणि एका दोषाचे तीन होतात. म्हणूनच अनुभवी वायरमन छताची वाटी उघडण्याआधीं घरमालकाला शिडीखालीं बोलावून घेतो. वाटी उघडल्यावर तिच्यामागचें लाकूड कोळशासारखें काळें झालेलें दिसतें. तो तारेचें जळकें टोंक छाटतो, स्वच्छ धातु चमकेपर्यंत आणखी मागें मागें छाटीत जातो. आणि अखेरीस तार इतकी आंखूड होते कीं ती स्क्रूपर्यंत पोंचतच नाहीं, आणि भिंतीवरची सगळी पट्टी उखडून बटणापासून नवी तार ओढावी लागते.