‘गाझी’ नेमकी कोणी बुडवली?

४ डिसेंबर २०२३ रोजी मालवणजवळ तारकर्लीच्या किनाऱ्यावर, समोर सिंधुदुर्ग असताना, नौदल दिन साजरा झाला. ही तारीख १९७१च्या कराची हल्ल्याची. त्याच तारखेच्या प्रारंभी, मध्यरात्रीच्या सुमारास, पूर्व किनाऱ्यावर विशाखापट्टणमसमोर पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी ९०हून अधिक नौसैनिकांसह बुडाली. तिच्या अंताचे श्रेय आजही वादग्रस्त आहे.

‘गाझी’चे लक्ष्य विमानवाहू ‘विक्रांत’ हे होते. व्हाइस ॲडमिरल एन. कृष्णन यांनी ‘विक्रांत’ आधीच अंदमानकडे हलवली होती. विशाखापट्टणमला उरलेली जुनी विनाशिका ‘राजपूत’ तिच्याच नावाने बिनतारी संदेश धाडत राहिली. शत्रू फसला.

भारतीय नौदलाच्या मते, बंदराबाहेर पडताना संशयास्पद हालचाल दिसताच ‘राजपूत’ने टाकलेल्या डेप्थ चार्जनी ‘गाझी’ बुडाली. पाकिस्तान सांगतो, ती स्वतःच पेरलेल्या सुरुंगाने किंवा आतील स्फोटाने गेली. गंमत म्हणजे तेव्हाचे पूर्व कमांडचे चीफ ऑफ स्टाफ जे. एफ. आर. जेकब यांनीही नंतर नौदलाचा दावा नाकारला!

पाणबुडीचा फुटलेला अग्रभाग आतील स्फोट सुचवतो, असे अनेक अभ्यासक मानतात. पण पोटात सुरुंग आणि टॉर्पेडो असलेल्या पाणबुडीत बाहेरचा धक्काही आतला स्फोट घडवू शकतो. त्यामुळे केवळ सांगाड्यावरून निवाडा होत नाही. शत्रूला चुकीच्या जागी आणण्याचे कृष्णन यांचे श्रेय मात्र दोन्ही शक्यतांत अबाधित राहते.

२०२४मध्ये भारतीय नौदलाच्या बचाव पाणबुडीने हे अवशेष शोधले. मृतांच्या सन्मानार्थ त्यांना हात लावला गेला नाही.