दोन स्पीकर, एक खुर्ची

कल्याणहून कर्जतच्या दिशेने गाडी निघाली, की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके एकामागून एक येतात. या पट्ट्याचा इतिहास लिहिला जातो तो फाळणीच्या, कारखान्यांच्या आणि अलीकडे बिल्डरांच्या अंगाने. या घरांत गाणे कसे ऐकले गेले, यंत्र कोणत्या भिंतीला लागले आणि ऐकणारा कुठे बसला, याची नोंद घ्यावी असे सहसा कुणाला वाटत नाही. प्रश्न किरकोळ वाटेल. पण मोजपट्टी घेऊन ओळखीच्यांच्या खोल्या मोजता मोजता माझी खात्री होत गेली, की स्टिरिओचे तंत्र आणि आपली घरे यांच्यात एक जुना वाद आहे. तो जागेचा आहे, तसाच माणसांचाही आहे.

आधी तंत्राचे पाहू. बाजारात स्टिरिओ म्हणजे दोन स्पीकर. शास्त्रात मात्र स्टिरिओची खरी कमाई तिसरीच आहे. दोन्ही स्पीकरांतून एकच आवाज सारख्या जोराने आणि एकाच क्षणी आला, तर तो डावीकडून किंवा उजवीकडून आल्यासारखा वाटत नाही. दोहोंच्या बरोबर मध्ये, जिथे काहीही ठेवलेले नाही, तिथे गायक उभा राहतो. याचे कारण आपले दोन कान. उजवीकडचा आवाज उजव्या कानाला आधी आणि जास्त पोहोचतो. डाव्या कानापर्यंत जायला त्याला फार तर एका मिलिसेकंदाचा दोन-तृतीयांश भाग जास्त लागतो. एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा ठरवतो. वेळेचा आणि जोराचा फरक मिळून ही दिशा कशी कळते, याची मांडणी लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये केली.

त्याच्या बरेच आधी, १८८१ मध्ये, पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमाँ आदेर यांनी तिथल्या ऑपेरागृहातले गाणे टेलिफोनच्या तारांवरून प्रदर्शनात ऐकवले होते. रंगमंचावर ओळीने मायक्रोफोन होते आणि प्रेक्षक दोन कानांना दोन रिसीव्हर लावून ऐकत. गायक मंचावर चालत गेला, की तो इकडून तिकडे गेल्याचे त्यांना कळे.

घरातल्या स्टिरिओचा खरा जनक मात्र ॲलन ब्लमलाइन. लंडनच्या ईएमआय कंपनीतल्या या इंजिनिअरने १४ डिसेंबर १९३१ रोजी जे पेटंट दाखल केले, त्यात सत्तर दावे होते. पुढे स्टिरिओ म्हणून जे जे आले त्याचा बराचसा पाया त्यात आहे. सांगतात, की सिनेमा पाहताना नट पडद्याच्या एका बाजूला आणि आवाज दुसऱ्या बाजूने, हे त्याला खटकले आणि तिथून विचार सुरू झाला. १९३५ मध्ये त्याने प्रयोगासाठी काही छोट्या फिती केल्या. त्यांतली एक हेज स्थानकावरून जाणाऱ्या आगगाड्यांची होती. रुळांच्या कडेला वाढलेल्या आपल्या या पट्ट्यातल्या कुणालाही ही निवड पटेल. गाडी कुठून आली आणि कुठे गेली हे डोळे मिटून सांगता येणे, हीच दिशाज्ञानाची पहिली परीक्षा. ब्लमलाइन १९४२ मध्ये, रडारच्या चाचणीच्या वेळी विमान कोसळून, अवघ्या अडतिसाव्या वर्षी गेला. त्याचा स्टिरिओ घराघरांत पोहोचलेला त्याने पाहिला नाही.

त्याच सुमारास अमेरिकेत बेल प्रयोगशाळेने वेगळा मार्ग चोखाळला. २७ एप्रिल १९३३ रोजी फिलाडेल्फियात वाजणारा वाद्यवृंद तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला गेला, तोही तीन वाहिन्यांवरून. डावी, मधली आणि उजवी. सभागृहात कडेला बसलेल्यालाही मधला गायक मध्येच ऐकू यावा, तर मध्ये खरोखरच एक स्पीकर हवा. घरासाठी मात्र तबकडी आली ती दोन वाहिन्यांची, कारण एका खाचेच्या दोन भिंतींवर दोनच वाहिन्या सोयीने कोरता येतात. १९५८ पासून पाश्चात्त्य बाजारात अशा तबकड्या आल्या. मधला स्पीकर गेला आणि त्याची जागा भासाने घेतली. भास टिकतो तो एकाच ठिकाणी बसलेल्यासाठी. आपल्या घरांशी असलेल्या वादाचे मूळ इथे आहे.

तोवर आपल्याकडे काय होते? रेडिओ. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. वर्षभर, आठवड्याला एक अशी छप्पन्न गाणी माडगूळकरांनी लिहिली आणि सुधीर फडक्यांनी स्वरबद्ध केली. घरात रेडिओ एक, त्याचा स्पीकर एक. आवाज एका बिंदूतून येई, म्हणून खाटेवर बसलेल्या आजोबांना, दारात टेकलेल्या शेजाऱ्याला आणि चुलीपाशी असलेल्या बाईला गायक एकाच जागी, रेडिओच्या पेटीत भेटे. दूर असेल त्याला आवाज लहान येई, एवढाच भेद. जागेच्या बाबतीत मोनो सर्वांशी सारखा वागला.

ही घरे कशी होती, तेही पाहिले पाहिजे. उल्हासनगर मुळात दुसऱ्या महायुद्धातला कल्याण कॅम्प, दोन हजारांहून अधिक बराकींची लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधी निर्वासित तिथे आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून गावाला नाव मिळाले. ‘कॅम्प नंबर’ मात्र आजही पत्त्यात टिकून आहे. लांबलचक बराकींत आडव्या भिंती घालून एकेका कुटुंबाला एकेक तुकडा मिळाला. अंबरनाथला दारूगोळ्याचा आणि विम्कोचा काडेपेटीचा, असे कारखाने आले आणि त्यांच्या भोवती चाळी व क्वार्टर उभ्या राहिल्या. बदलापूर उशिरा वाढले. मुंबईत घर परवडेना, तशी चाकरमान्यांची कुटुंबे इथल्या एक खोली-स्वयंपाकघराच्या ब्लॉकमध्ये आली. घरांचे प्रकार तीन, पण प्रत्येकात बाहेरची खोली एकच. तीच बैठकीची, अभ्यासाची, जेवणाची आणि रात्री झोपण्याची.

खोली आवाजाचे काय करते, हे शिकायला अंबरनाथच्या शिवमंदिरासारखी शाळा नाही. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेले हे शिलाहारकालीन देऊळ पूर्ण दगडी आहे आणि गाभारा सभामंडपापासून पायऱ्या उतरून खाली. आत कुणी ओंकार लावला, की तो नाद चहूकडून येतो आणि म्हणणारा नेमका कुठे उभा आहे हे सांगणे अवघड होते. दगड आवाज शोषत नाही, परत फेकतो. भक्तीला ते पोषक आहे. दिशेला मात्र मारक.

प्लास्टर केलेली भिंत, मोझॅकची फरशी आणि वर स्लॅब अशी आपली खोली त्याच जातीची, फक्त लहान. जर्मनीतल्या हेल्मुट हास याने १९४९ च्या प्रबंधात दाखवले, की मूळ आवाजामागून काही मिलिसेकंदांत येणारा परावर्तित आवाज कानाला वेगळा ऐकू येत नाही. दिशा आपण आधी आलेल्या आवाजावरूनच ठरवतो. हा निसर्गाचा उपकार म्हणायचा. पण दहा फूट रुंद खोलीत बाजूच्या भिंतीवरून येणारा आवाज तीन-चार मिलिसेकंदांतच पोहोचतो. तो वेगळा ऐकू आला नाही, तरी गायकाच्या कडा पुसट करतो. तबला एका बाजूला, संवादिनी दुसऱ्या बाजूला, तंबोरे मागे ही बैठक विसकटते आणि सगळा मेळ एका गठ्ठ्यात येतो.

अशा घरांत स्टिरिओ आला तो सत्तरीच्या दशकापासून. १५ ऑगस्ट १९७५ रोजी ‘शोले’ प्रदर्शित झाला आणि मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात सत्तर एमएमच्या पडद्यावर स्टिरिओ आवाजासह वर्षानुवर्षे चालला. जयने उडवलेले नाणे पडल्याच्या आवाजाने प्रेक्षक खुर्चीखाली शोधू लागत, अशी आठवण सांगितली जाते. हे मिनर्व्हा लॅमिंग्टन रोडवर. त्याच रस्त्यावर इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांचा बाजार. ट्रान्सफॉर्मर, आयसी, हीट सिंक, कोन असे एकेक विकत घेऊन ॲम्प्लिफायर जोडणाऱ्यांची एक पिढी या बाजाराने घडवली. पुढे गाजलेल्या ४४४० या आयसीत तर सहा-सहा वॅटच्या दोन्ही वाहिन्या एकाच चिपमध्ये मिळत. उल्हासनगरच्या जोडकामाची ख्याती अशी, की तिथल्या मालावरच्या ‘मेड इन यूएसए’चा अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद सगळ्या मुंबईला पाठ होता. विनोदातली टवाळी सोडली तर उरते ती हकीकत महत्त्वाची आहे. परदेशी संच ज्याला परवडत नव्हता, त्याच्या घरी स्टिरिओ पोहोचला तो अशा जोडकामामुळे.

पोहोचल्यावर तो ठेवला कुठे? शोकेसमध्ये. मध्ये टीव्ही, खाली डेक, वर ट्रॉफ्या आणि बाहुल्या, आणि डेकला चिकटून दोन्ही बाजूंना दोन स्पीकर. दोहोंत अंतर हातभर. समोरच्या दिवाणावरून ऐकणाऱ्याला हे दोन स्पीकर एकच. दुसरी तऱ्हा मडक्यांची. मातीच्या मडक्याच्या तोंडावर कोन बसवून ती छताजवळच्या दोन कोपऱ्यांत टांगायची. मडक्यांनी आवाजाला घुमारा दिला, कोपऱ्यांनी खर्ज फुगवला. कारण कोपऱ्यात दोन भिंती आणि छत मिळून खालचे स्वर एकाच दिशेने ढकलतात. गाणे डोक्यावरून आले आणि सगळ्या खोलीत सारखेच पसरले. जाणकार या दोन्ही मांडण्यांना हसतात. मला त्या अडाणीपणाच्या वाटत नाहीत. पोरांचे हात, चेंडू, झाडू आणि रात्रीच्या गाद्या यांतून यंत्र वाचवायचे आणि आवाज सगळ्यांना द्यायचा, हा हिशेब त्यांत चोख आहे. फक्त त्या हिशेबात गायकाची जागा गेली.

एका माणसाच्या जागेचा हिशेब किती काटेकोर असतो, ते आकड्यांत पाहू. रेकॉर्डिंग स्टुडिओतला मान्य संकेत असा, की दोन स्पीकर आणि ऐकणारा मिळून समभुज त्रिकोण व्हावा. म्हणजे ऐकणाऱ्यापासून दोन्ही स्पीकर साठ अंशांच्या कोनात. समजा, तिन्ही बाजू दोन मीटरच्या. आता ऐकणारा फूटभर डावीकडे सरकला. डावा स्पीकर त्याला सुमारे ३० सेंटिमीटरने जवळ येतो, म्हणजे त्याचा आवाज जवळजवळ ०.९ मिलिसेकंद आधी पोहोचतो. फरक एका मिलिसेकंदाच्या आसपास गेला, की मधला गायक मध्ये राहतच नाही. तो जवळच्या स्पीकरात जाऊन बसतो. थोडक्यात, तिघांच्या सोफ्यावर स्टिरिओ ऐकतो तो मधला. कडेचे दोघे ज्याच्या त्याच्या बाजूचा स्पीकर ऐकतात.

मग बदलापूरच्या दहा बाय बाराच्या खोलीत काहीच करता येत नाही का? येते, आणि फारसा खर्चही नाही. आखूड भिंतीपासून स्पीकर तीन फूट पुढे घ्यावेत, दोहोंत साडेचार फूट अंतर ठेवावे आणि दोन्ही कडेच्या भिंतींपासून सारखेच दूर असावेत. साधी लाकडी स्टुले चालतील. वरचा लहान कोन बसलेल्याच्या कानाच्या उंचीवर आला पाहिजे. ऐकणाऱ्याने दोन्ही स्पीकरांपासून साडेचार फुटांवर बसावे. म्हणजे तो पुढच्या भिंतीपासून जवळपास सात फुटांवर येतो आणि मागे पाच फूट उरतात. खोलीच्या अगदी मध्यावर बसू नये. बारा फुटांच्या लांबीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज घुमतो आणि नेमका मध्यावर तो नाहीसा होतो. पाठ भिंतीला टेकवूनही बसू नये, कारण तिथे तोच खर्ज अंगावर येतो. त्रिकोण लहान ठेवल्याने स्पीकरचा थेट आवाज भिंतींच्या आवाजावर मात करतो. उरलेल्या कामाला आरसा पुरे. ऐकणाऱ्याने जागेवर बसावे आणि दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यावा. जिथे त्यात स्पीकर दिसेल, तिथूनच आवाज परत येतो. तिथे जाड गोधडी टांगावी किंवा पुस्तकांची मांडणी ठेवावी. जुन्या दिवाळी अंकांचे उंच-सखल गठ्ठे या कामी उत्तम. ऐकून झाले, की स्टुले भिंतीला लावून गाद्या घालायला खोली मोकळी.

मांडणी जमली की नाही, हे तपासायला महागडी स्टिरिओ तबकडी लागत नाही. उलट जुने मोनो ध्वनिमुद्रण घ्यावे, ‘गीतरामायणा’च्या काळातले. मोनोत दोन्ही वाहिन्यांवर एकच आवाज असतो. म्हणून गायक दोहोंच्या मध्ये, हवेत, एखाद्या माणसाएवढ्या जागेत उभा राहिला पाहिजे. तो पसरला तर भिंती बोलताहेत. एका बाजूला कलला तर अंतर चुकले आहे, किंवा एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला उघडे दार आहे. तोंडाने पोकळ, नाकातून आल्यासारखा वाटला तर एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्या आहेत. त्या सुलट केल्या, की गायक जागेवर येतो.

तो जागेवर आला, की दुसरा प्रश्न उभा राहतो. त्या खुर्चीवर बसायचे कुणी? मी मोजलेल्या बहुतेक घरांत ती घरातल्या कर्त्या पुरुषाची असते. मोजपट्टी तोच धरतो, तारा तोच जोडतो, आणि सरकू नका असेही तोच सांगतो. घरातली बाई स्वयंपाकघराच्या दारातून ऐकते; तिथे डावे-उजवे काही उरत नाही. रेडिओच्या काळात ती जिथून ऐकत होती, तिथूनच आजही ऐकते. फरक एवढाच, की तेव्हा गायक तिलाही पेटीत भेटत होता आणि आता तो नवऱ्याच्या खुर्चीसमोर उभा असतो. ब्लमलाइनच्या पेटंटात या अडचणीवर उपाय नाही. बेलच्या तिसऱ्या स्पीकरात थोडासा होता. आपल्या हाती असलेला उपाय मात्र तंत्राचा नाही. तबकडीची एक बाजू सुमारे वीस मिनिटांची असते. बाजू पालटताना ऐकणारा बदलावा, आणि गॅसपाशी त्याने उभे राहावे.