ऑलिम्पिक ट्रॅक सायकलिंग : पायांचं बळ किती, यंत्राचं किती?

ऑलिम्पिकमध्ये ट्रॅक सायकलिंग टीव्हीवर लागलं की बऱ्याच घरांत चॅनल बदलला जातो. विचित्र हेल्मेट घातलेले खेळाडू लाकडी वाटीत गोल गोल फिरताना दिसतात आणि कोण पुढे, कोण मागे याचा पत्ता लागत नाही. नियम एकदा समजले, तर मात्र हा ऑलिम्पिकमधला सगळ्यात चुरशीचा खेळ वाटू लागतो. पायांची ताकद आणि प्रयोगशाळेतलं तंत्र यांचा इतका थेट संबंध फार थोड्या खेळांत दिसतो. त्यामुळेच एक जुना वादही या खेळाच्या कायम मागे असतो : पदक खेळाडूचं, की त्याच्या देशाच्या खिशाचं?

ट्रॅक आणि सायकल

ही शर्यत ज्या बंदिस्त स्टेडियममध्ये होते त्याला व्हेलोड्रोम म्हणतात. ट्रॅक २५० मीटरचा आणि लाकडी पट्ट्यांचा असतो. वळणावर त्याचा उतार ४० अंशांच्याही पुढे जातो. हळू गेलं तर सायकल घसरून खाली येते, त्यामुळे वेग राखणं भागच असतं.

सायकलला ब्रेक नसतो, गिअर बदलता येत नाही आणि फ्री-व्हीलही नसतं. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच. मधे पाय थांबवून दम खाण्याची सोय नाही. मागचं चाक तारांऐवजी भरीव तबकडीचं असतं. संघांच्या शर्यतीत पुढचंही बहुधा तसंच असतं.

कोणत्या शर्यतीत काय बघायचं?

टीम पर्स्यूट : चौघांचा संघ, ४ किलोमीटर, म्हणजे १६ फेऱ्या. दोन संघ ट्रॅकच्या समोरासमोरच्या बाजूंनी सुटतात. वेळ तिसऱ्या सायकलपटूच्या पुढच्या चाकावर मोजली जाते, म्हणून शेवटी एक जण गळाला तरी चालतं. पुढचा खेळाडू वळणावर वर चढतो आणि रांगेच्या शेपटाला येऊन मिळतो. हा बदल कुठे होतो आणि रांगेत फट पडते का, यावर लक्ष ठेवायचं. फट पडली की संघ अडचणीत आला असं समजावं.

टीम स्प्रिंट : तिघे, तीन फेऱ्या. एकेक फेरी ओढून पुढचा बाजूला होतो आणि शेवटची फेरी तिसरा एकटा मारतो. महिलांच्या संघात टोकियोपर्यंत दोघी असत, पॅरिसपासून तिघी झाल्या.

स्प्रिंट : दोघांची लढत. सुरुवातीला दोघेही मुद्दाम हळू चालवतात, कधी जागच्या जागी तोल सांभाळत थांबतातही. पुढचा वारा कापतो आणि मागचा त्याच्या आडोशाने येऊन अखेरच्या क्षणी झेप घेतो, म्हणून पुढे जायला कुणीच राजी नसतं.

कायरिन : जपानमध्ये पैजेच्या शर्यतींतून वाढलेला प्रकार. सुरुवातीला एक मोटरसायकल वेग वाढवत पुढे चालते. ती बाजूला झाली की उरलेल्या तीन फेऱ्या जिवाच्या आकांताने मारायच्या.

मॅडिसन : दोघांची जोडी. एक जण शर्यतीत असतो, दुसरा वरच्या बाजूला संथ फिरतो. हातात हात घालून एकमेकाला पुढे फेकत पाळी बदलतात. नाव न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनवरून पडलं.

ऑम्नियम : एकाच दिवशी चार वेगवेगळ्या शर्यती आणि गुणांची बेरीज.

खरा शत्रू वारा

बंद हॉलमध्ये वारा कुठला, असा प्रश्न पडेल. पण ताशी ६० किलोमीटरच्या पुढे गेल्यावर स्थिर हवाच भिंतीसारखी आडवी येते. या वेगात खेळाडूची सुमारे नऊ-दशांश ताकद हवा बाजूला सारण्यातच खर्च होते.

इथलं गणित निर्दय आहे. वेग दहा टक्के वाढवायचा तर ताकद जवळपास ३३ टक्के जास्त लावावी लागते, कारण लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. इतकी जास्तीची ताकद माणूस आणणार कुठून? म्हणून हवेचा अडथळा कमी करणं हाच दुसरा रस्ता उरतो.

त्या अडथळ्यात सायकलचा वाटा लहान असतो, साधारण चौथा हिस्सा किंवा त्याहून कमी. बाकीचा सगळा अडथळा माणसाच्या शरीराचा. म्हणूनच खांदे आवळून, डोकं हातांच्या मागे लपवून, कोपरं जवळ घेऊन बसण्याचा सराव वर्षानुवर्षं केला जातो. पवन-बोगद्यात खेळाडूला बसवून हेल्मेटचा आकार, कपड्याची वीण, शिवण कुठे यावी, इथपर्यंत मोजमाप होतं. साखळीला तेलाऐवजी मेणाचं वंगण लावतात, तेही घर्षणातले एक-दोन वॅट वाचवण्यासाठी.

हॉलसुद्धा उबदार ठेवतात. गरम हवा विरळ असते आणि विरळ हवेतून सायकल सुटसुटीत पळते. पूर्वी तासाभराच्या विक्रमासाठी खेळाडू उंचावरच्या मेक्सिकोला जात, त्याचं कारणही हेच. इटलीच्या फ्रान्चेस्को मोझरने १९८४ मध्ये मेक्सिको सिटीत तबकडीची चाकं लावून तासात ५१.१५१ किलोमीटर अंतर कापलं होतं. २०२२ मध्ये त्याच देशाच्या फिलिपो गान्नाने स्वित्झर्लंडमधल्या ग्रेन्शनच्या ट्रॅकवर, उंचीचा आधार न घेता, ५६.७९२ किलोमीटर गाठले. त्याच्या सायकलची फ्रेम थ्री-डी प्रिंटिंगने बनवलेली होती.

बार्सिलोनाची काळी सायकल

तंत्रज्ञानाचा विषय जगभर गाजला तो १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये. ब्रिटनचा ख्रिस बोर्डमन लोटस या मोटार कंपनीने घडवलेल्या कार्बनच्या सायकलवर उतरला. नळ्या जोडून केलेली नेहमीची फ्रेम तिला नव्हती. माइक बरोज यांच्या कल्पनेतून आलेला तो एकसंध साचा होता. वैयक्तिक पर्स्यूटच्या अंतिम फेरीत बोर्डमनने जर्मनीच्या येन्स लेहमानला चक्क गाठलं. अंतिम लढत अंतर पूर्ण होण्याआधीच संपली.

कौतुक सायकलचं झालं आणि खेळाडूला थोडं बाजूला राहावं लागलं. पुढे स्कॉटलंडच्या ग्रेम ओब्रीने हात पुढे ताणून बसण्याची नवी पद्धत आणली, तेव्हा आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाची चिंता आणखी वाढली. १९९६ मध्ये लुगानो इथे महासंघाने भूमिका मांडली की यंत्राने माणसावर मात करता कामा नये. पुढचे नियम त्यातूनच आले : फ्रेमचा आकार ठरावीक, बसण्याची पद्धत ठरावीक, वजन ६.८ किलोपेक्षा कमी नाही.

प्रत्येक सुधारणा स्वच्छ होती असंही नाही. १९८४ च्या लॉस एंजेलिसमध्ये अमेरिकेच्या संघाने नव्या धाटणीच्या सायकली आणल्या आणि भरपूर पदकं नेली. नंतर उघड झालं की संघातल्या काही खेळाडूंनी शर्यतीआधी रक्त चढवून घेतलं होतं. तेव्हा त्याला नियमाने बंदी नव्हती, ती लगेच पुढे आली.

लॉटरीच्या पैशांतून सुवर्णपदकं

१९९६ च्या अटलांटात संपूर्ण ब्रिटनला एकच सुवर्ण मिळालं आणि पदकतक्त्यात देश ३६ व्या जागी गेला. त्यानंतर राष्ट्रीय लॉटरीचा पैसा खेळांकडे वळवला गेला. सायकलिंगने तो नीट वापरला. आधी पीटर कीन, मग डेव्ह ब्रेल्सफोर्ड यांनी प्रत्येक गोष्टीत थोडी थोडी सुधारणा करत जाण्याची पद्धत बसवली. उपकरणांचं संशोधन गुप्तपणे चाले आणि त्याची धुरा बोर्डमनकडेच होती.

२००८ च्या बीजिंगमध्ये ट्रॅकवरच्या १० पैकी ७ सुवर्णपदकं ब्रिटनने जिंकली. २०१२ च्या लंडनमध्ये पुन्हा ७. लंडनमध्ये फेऱ्यांच्या मधल्या वेळेत मांड्या गार पडू नयेत म्हणून खेळाडू विजेवर तापणाऱ्या विजारी घालून बसत. फ्रेंच संघाला ब्रिटिश चाकांचा संशय आला, तेव्हा ब्रेल्सफोर्ड यांनी आमची चाकं जरा जास्तच गोल आहेत असं गमतीत सांगितलं. फ्रेंच वृत्तपत्रांनी ते खरं धरून छापलं. ती चाकं मुळात फ्रेंच कंपनीचीच होती.

टोकियो, पॅरिस आणि एका फेरीचा फरक

मग बाकीचे देशही शिकले. बीजिंगमध्ये ब्रिटनने टीम पर्स्यूट ३ मिनिटं ५३.३१४ सेकंदांत जिंकली होती. टोकियोत इटलीने ३:४२.०३२ वेळ दिली आणि डेन्मार्कला सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याहून कमी फरकाने हरवलं. पॅरिसमध्ये ऑस्ट्रेलियाने पहिल्या फेरीत ३:४०.७३० चा विश्वविक्रम केला. सरासरी वेग ताशी ६५ किलोमीटर, तोही थांबलेल्या अवस्थेतून सुरुवात करून.

बीजिंगचा तो विजेता संघ पॅरिसच्या विक्रमवीरांसोबत सोडला असता, तर २०० मीटरहून जास्त मागे राहिला असता, म्हणजे जवळजवळ एक फेरी. बाकी सगळं तेच ठेवून ही मजल नुसत्या पायांनी मारायची तर सुमारे १८ टक्के जादा ताकद लागली असती. सोळा वर्षांत माणूस तेवढा बदलत नाही. फरकाचा मोठा भाग बसण्याची पद्धत, कपडे, सायकल, मोठे गिअर आणि पाळीचं नियोजन यांतून आला. आता प्रत्येक जण आपल्या कुवतीप्रमाणे लांब पाळी ओढतो, कारण दर बदलात वेळ जातो.

ब्रिटनचा डॅन बिगम या बदलाचं चालतं-बोलतं उदाहरण आहे. तो इंजिनिअर आणि सायकलपटूही. टोकियोआधी त्याने डेन्मार्कच्या संघाला हवेच्या गणितात मदत केली. २०२२ मध्ये तासाचा विक्रम स्वतःच्या नावावर केला, जो काही आठवड्यांतच गान्नाने मोडला. २०२४ मध्ये पॅरिसला तो ब्रिटनच्या रौप्यविजेत्या संघात होता.

किंमत कोण मोजतं?

टोकियोत तंत्राच्या मागे लागण्याचे धोकेही दिसले. पात्रता फेरीत ऑस्ट्रेलियाच्या अलेक्स पोर्टरचं हँडल भर वेगात तुटलं आणि तो तोंडावर आपटला. पडणाऱ्या ताणाच्या मानाने तो भाग कमजोर होता आणि त्याची पुरेशी चाचणी झाली नव्हती, असं नंतरच्या चौकशीत निघालं. डेन्मार्कच्या खेळाडूंनी नडग्यांवर लावलेल्या चिकटपट्ट्यांवर इतर संघांनी आक्षेप घेतला, संघाला ताकीद मिळाली. त्याच संघाचा एक खेळाडू मान खाली घालून पळताना पुढच्या ब्रिटिश सायकलपटूला मागून धडकला. मान खाली घातली की हवा कमी लागते, पण समोरचं दिसतही नाही.

विक्रीला नसलेलं उपकरण ऑलिम्पिकमध्ये चालणार नाही, असा महासंघाचा नियम आहे. हेतू असा की श्रीमंत देशाने गुपचूप बनवलेलं यंत्र गरीब देशालाही विकत घेता यावं. प्रत्यक्षात किंमत अशी असते की अनेक संघांना ती परवडत नाही. आणि यंत्र घेतलं तरी पवन-बोगदा, इंजिनिअर आणि रोजचा लाकडी ट्रॅक कुठून आणायचा?

भारत कुठे आहे?

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये भारताचा सायकल संघ उतरला होता आणि त्यात मुंबईच्या पारशी सायकलपटूंचा भरणा होता. १९६४ च्या टोकियोनंतर मात्र एकही भारतीय सायकलपटू ऑलिम्पिकमध्ये पोहोचलेला नाही.

दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी २५० मीटरचा लाकडी, बंदिस्त ट्रॅक झाला. त्याचं फळही दिसलं. २०१९ मध्ये एसो अल्बेन, रोनाल्डो सिंग आणि रोजित सिंग यांनी ज्युनिअर जागतिक स्पर्धेत टीम स्प्रिंटचं सुवर्ण जिंकलं. पुण्यात बालेवाडीला आणि हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठात व्हेलोड्रोम आहेत, पण ते उघड्यावरचे, सिमेंटचे. विजापूर-बागलकोट पट्ट्यातली मुलं तर डांबरी रस्त्यावर सराव करत राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत जात आली आहेत. ज्युनिअर गटात पायांच्या बळावर सुवर्ण येतं, हे त्या तिघांनी दाखवलं. सीनिअर गटात दहाव्या-विसाव्या भागाचा फरक पडतो, आणि तिथे उपकरणं व संशोधन हाताशी नसेल तर दार बंद राहतं.

पुढचं ऑलिम्पिक २०२८ मध्ये लॉस एंजेलिसला आहे. तेव्हा टीम पर्स्यूट लागली, तर चॅनल बदलण्याआधी १६ फेऱ्यांपैकी शेवटच्या चार तरी बघाव्यात. दर फेरीला पडद्यावर दोन संघांतला फरक दिसतो. रांगेतला तिसरा खेळाडू पुढच्या चाकाला चिकटून आहे की सुटतोय, एवढं पाहिलं तरी निकालाचा अंदाज बांधता येतो.