पट, निकाल आणि शाळा : सरकारी मिडल स्कूलची आकडेवारी कशी वाचावी?

गावातील सरकारी शाळेचा पट घटला की दोन प्रश्न हमखास चर्चेत येतात. शाळा चालू ठेवावी की शेजारच्या शाळेत विलीन करावी, हा पहिला आणि मुले गेली कुठे, हा दुसरा. उत्तरासाठी आकड्यांचा आधार घेतला जातो. पण आकडा अर्धवट वाचला तर त्यावरचा निर्णयही अर्धवट ठरतो. पाचवी ते आठवीच्या टप्प्यातील शाळेबाबत ही जोखीम अधिक असते.

पार्श्वभूमी

१९६१ च्या मुक्तीनंतर, विशेषतः १९६३ मध्ये मुख्यमंत्री झालेल्या भाऊसाहेब बांदोडकर यांच्या कारकिर्दीत, गोव्याच्या खेडोपाडी सरकारी प्राथमिक शाळा उभ्या राहिल्या. त्यांतील बहुसंख्य मराठी माध्यमाच्या होत्या. १९९० मध्ये प्राथमिक स्तरावरील अनुदान कोकणी आणि मराठी माध्यमांपुरते मर्यादित झाले, तर २०११ मध्ये इंग्रजी माध्यमाच्या शाळांनाही ते खुले झाले. या निर्णयांवर मोठी आंदोलने झाली. आजच्या सरकारी शाळेचा पट वाचताना हा इतिहास बाजूला ठेवता येत नाही. कारण प्राथमिक शाळेच्या पहिलीत आलेली मुलेच पुढे गावच्या मिडल स्कूलचा पट ठरवतात.

पटावर कोण आहे?

देशातील प्रत्येक शाळेला ‘यूडायस’ प्रणालीत अकरा अंकी क्रमांक असतो. शाळेची इयत्तानिहाय पटसंख्या, मुले-मुली, सामाजिक प्रवर्ग, दिव्यांग विद्यार्थी, शिक्षक आणि सुविधा यांची नोंद या प्रणालीत होते. गावाची सामाजिक रचना तिच्यात प्रतिबिंबित होते. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण १०.२३ टक्के होते. मात्र ते सर्वत्र सारखे नाही. गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांचा या सूचीत समावेश २००३ मध्ये झाला. त्यामुळे त्याआधीच्या आणि नंतरच्या प्रवर्गनिहाय आकड्यांची सरळ तुलना करता येत नाही.

शहरांत आणि औद्योगिक वसाहतींच्या परिसरात पटाचे रूप वेगळे दिसते. कर्नाटक, उत्तर प्रदेश, बिहार आदी राज्यांतून आलेल्या कामगारांची मुले येथे सरकारी शाळेत शिकतात. पालकांचे काम बदलले की मूल वर्षाच्या मध्यावर शाळा सोडते. नोंदीत ते ‘गळाले’ असे दिसले, तरी प्रत्यक्षात ते दुसऱ्या गावात शिकत असू शकते. म्हणूनच प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र कायम क्रमांक देण्याची पद्धत महत्त्वाची आहे. गळती आणि स्थलांतर यांतला फरक तिच्यामुळे ओळखता येतो.

भाषेचा उंबरठा

२०११ च्या जनगणनेत कोकणी मातृभाषा सांगणारे ६६.११ टक्के, तर मराठी सांगणारे १०.८९ टक्के होते. तरीही अनेक कोकणीभाषक घरांतील मुलांचे पहिले शालेय वाचन मराठीत होते. गोव्यात प्राथमिक टप्पा परंपरेने चौथीपर्यंतचा. पाचवीपासून बहुतेकांचे माध्यम इंग्रजी होते. घरात कोकणी, चौथीपर्यंत मराठी आणि पुढे गणित-विज्ञान इंग्रजीत, असा तिपेडी प्रवास दहा वर्षांच्या मुलाला करावा लागतो. घरी हिंदी किंवा कन्नड बोलणाऱ्या मुलाला त्यात आणखी एका भाषेची भर पडते. पाचवी-सहावीत गुण घसरले, तर मुलाला विषय समजला नाही की प्रश्नाची भाषा, हे आधी तपासायला हवे. गुणपत्रिका ते सांगत नाही.

शिक्षक किती?

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहावी ते आठवीसाठी दर ३५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे त्यातील प्रमाण. शिवाय विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक असावा, अशीही तरतूद आहे. समजा, तीन वर्गांत मिळून २१ मुले आणि तीन शिक्षक आहेत. सरासरी सात मुलांमागे एक शिक्षक पडतो आणि कागदावर ही चैन वाटते. परंतु त्यांतील एक शिक्षक कमी केला की एका विषयगटाला शिक्षकच उरत नाही.

निकाल आणि सर्वेक्षण

लहान शाळेत टक्केवारी फसवी ठरते. वर्गात आठ मुले असतील आणि गेल्या वर्षी सात, यंदा सहा उत्तीर्ण झाली, तर निकाल ८७.५ वरून ७५ टक्क्यांवर आलेला दिसतो. प्रत्यक्षात फरक एका मुलाचा असतो. अशा शाळेचा किमान तीन-चार वर्षांचा कल पाहणेच योग्य.

राष्ट्रीय सर्वेक्षणांबाबतही सावधगिरी हवी. १२ नोव्हेंबर २०२१ चे राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावीचे होते. ४ डिसेंबर २०२४ चे ‘परख’ सर्वेक्षण तिसरी, सहावी आणि नववीचे. आठवीच्या जुन्या आकड्याशी सहावीचा नवा आकडा ताडून पाहता येत नाही. शिवाय ही सर्वेक्षणे नमुना पद्धतीची आहेत. राज्याचे आणि जिल्ह्याचे चित्र त्यांतून मिळते, गावच्या शाळेचा निकाल मिळत नाही.

पालकांनी काय विचारावे?

कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला असतात. शाळेचा विकास आराखडा हीच समिती तयार करते. विलीनीकरणाचा प्रस्ताव आल्यास तिने पुढील प्रश्न विचारावेत : पहिलीत किती मुले आली आणि त्यांतील किती आठवीपर्यंत पोचली? गेलेली मुले कोणत्या शाळेत गेली? विषयशिक्षक पुरेसे आहेत का? नवी शाळा किती अंतरावर आहे आणि बस कोणत्या वेळेला आहे?

शेवटचा प्रश्न किरकोळ नाही. सत्तरी, सांगे, काणकोण यांसारख्या तालुक्यांत वाडे विखुरलेले आहेत. पावसाळ्यात चार किलोमीटरची वाट बारा वर्षांच्या मुलीचे शिक्षण थांबवू शकते. पटावरची दहा नावे सरकारदरबारी लहान संख्या असेल. त्या वाड्यासाठी मात्र ती एक संपूर्ण पिढी असते.