एका फार्दिंगचा निकाल

मैत्रिणींनो, गांधीजींच्या ‘सर्वोदय’मुळे रस्किन आपल्याला माहीत आहे. पण त्याआधी तो इंग्लंडमधला दरारा असलेला कलासमीक्षक होता. टर्नरच्या चित्रांना लोक हसत, तेव्हा त्याने ग्रंथ लिहून त्यांची बाजू घेतली. त्याच्या शब्दावर चित्रं विकली जात.

1877 मध्ये व्हिस्लरचं आतषबाजीचं चित्र पाहून त्याने लिहिलं, की रंगाचं भांडं लोकांच्या तोंडावर फेकून हा 200 गिनी मागतो! व्हिस्लरने अब्रूनुकसानीचा दावा लावला. दोन दिवसांच्या कामाचे एवढे पैसे? असं वकिलाने विचारलं. तो म्हणाला, जन्मभराच्या जाणकारीचे. (पुरणपोळीला मोल नसतं म्हणणाऱ्यांनी हे ऐकावं.)

1878 मध्ये व्हिस्लर जिंकला. भरपाई किती? एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. मी कॉमर्सची, हिशेब केलाच: 200 गिनी म्हणजे 2,01,600 फार्दिंग. कोर्टखर्च ज्याचा त्याने सोसायचा होता. पुढच्या वर्षी व्हिस्लरचं दिवाळं निघालं, घर विकलं गेलं. रस्किनचा खर्च चाहत्यांनी वर्गणी काढून भरला.

मजुराला रास्त मोल द्या म्हणणाऱ्या रस्किनला चित्रकाराचे कष्ट दिसले नाहीत, हे मला खटकतं. ते चित्र आता अमेरिकेत, डेट्रॉइटच्या संग्रहालयात आहे.