उघाडी आणि भराव

ठाणे खाडीच्या पाणथळींचा इतिहास मी फ्लेमिंगोंपासून सुरू करत नाही, उघाडीपासून करतो. उघाडी म्हणजे बांधातलं झडपेचं दार. भरतीच्या पाण्याच्या रेट्यानं ते मिटतं आणि ओहोटी लागली की आत तुंबलेलं पावसाचं पाणी त्याला ढकलून बाहेर पडतं. पनवेल-उरण-पेणची खारी भातशेती या दारावर उभी होती. खाजणाला बांध घालून लागवड करणारे ते शिलोत्रदार. बाहेरच्या बांधाची डागडुजी त्यांच्याकडे आणि त्याबदल्यात धान्याचा वाटा. बांधाला खांड गेली, खारं पाणी आत शिरलं, की शेत काही वर्षं कामातून जायचं. शेजारी आगरी लोकांची मिठागरं. ही जमीन कोरी कधीच नव्हती.

हे सांगायचं कारण असं, की १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली तेव्हा ९५ गावांच्या जमिनीकडे ‘नव्या शहरासाठी मोकळी जागा’ म्हणून पाहिलं गेलं. मोकळी कुणाच्या हिशेबानं? भाताच्या, मिठाच्या, मासळीच्या हिशेबानं नाही. जानेवारी १९८४मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारानं पाच शेतकरी मारले गेले आणि त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. आपल्याकडे पर्यावरणाचा इतिहास लिहिताना हा अध्याय बहुधा दुसऱ्या कपाटात ठेवतात. मला तो इथलाच वाटतो.

गंमत अशी, की नियोजनकारांनाही उघाडी टाळता आली नाही. नवी मुंबईचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीखाली. म्हणून डच धर्तीवर धारण तलाव आले: भरतीच्या वेळी पाऊस झाला तर पाणी तलावात थांबवायचं, ओहोटीला झडपांतून खाडीत सोडायचं. तत्त्व खारबांधाचंच, फक्त काँक्रीटमध्ये. पुढे या तलावांत गाळ साचला, त्यावर खारफुटी वाढली. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५च्या आदेशानं खारफुटी तोडायला बंदी आली होती, त्यामुळे गाळ काढायचा तर परवानगीसाठी न्यायालयात जाणं आलं. पूर टाळायचा की झाडं राखायची, असा हा वाद वरवर दिसतो. खरं तर तो दुर्लक्षित देखभालीचा वाद आहे. शिलोत्रदारानं बांध असा सोडला नसता.

२०१५ साली खाडीचा सुमारे १,६९० हेक्टर भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२मध्ये रामसर यादीत गेला. पण पक्षी हद्द पाळत नाहीत. भरतीला चिखल बुडाला की ते नेरूळ-उरणकडच्या तळ्यांवर उतरतात, आणि वाद पेटतो तो तिथे.

त्यात २०१७चे पाणथळ नियम. मीठ किंवा मत्स्यशेतीसाठी खास बांधलेल्या रचना आणि भातशेतं व्याख्येतूनच वगळलेली. म्हणजे ज्या माणसांच्या श्रमानं ही जमीन पाणथळ म्हणून टिकली, ते श्रमच तिच्या संरक्षणाच्या आड उभे करायचे! मिठागर बंद पडून वीस वर्षं झाली, आत निवट्या आणि तुतवार नांदू लागले, तरी ते ‘मानवनिर्मित’च.

बरं, भराव तरी टाकावाच लागतो असं नाही. भरतीचं पाणी आत येण्याची तोंडं बुजली, की तळं आपोआप सुकतं आणि सुकलेल्या तळ्याला पाणथळ म्हणायला कुणी तयार नसतं. म्हणून असा वाद निघाला की मी आधी जुना गावनकाशा पाहतो: बांध कुठून जात होता, उघाड्या किती होत्या आणि त्यांची तोंडं कुठल्या फाट्यावर उघडत होती.